एचपीव्ही लस, आपली शाळा आणि पालकांची संमती



शाळेत लसीकरण होणार अशी सूचना आली की आपल्याकडे सामान्यतः तीन कामे येतात. मुलांची यादी करावयाची, संमतिपत्रे वाटून परत गोळा करावयाची आणि ठरलेल्या दिवशी एक वर्गखोली रिकामी करून द्यावयाची. लस कोणत्या रोगाची, ती ह्याच वयात का, आणि पालकाने विचारल्यास काय सांगावयाचे, हे आरोग्य खात्याचे काम अशी आपली समजूत असते. गोवर, धनुर्वात ह्यांच्या बाबतीत एवढ्यावर निभावून जाते, कारण ती नावे पालकांच्या परिचयाची असतात. एचपीव्ही लशीचे तसे नाही. ही लस नऊ ते चौदा वर्षांच्या मुलीला द्यावयाची आणि तिने टळणारा रोग पस्तिशी-चाळिशीनंतरचा. शिवाय तो स्त्रीच्या अशा अवयवाचा, की ज्याचे नाव घरात मोठ्याने घेतले जात नाही. साहजिकच आई शाळेत येऊन विचारते, "बाई, हा आजार बायामाणसांचा, मग माझ्या एवढ्याशा पोरीला सुई कशाला?" ह्या प्रश्नाचे उत्तर ज्याला नीट देता येत नाही त्याने संमतिपत्रावर सही मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रस्तुत लेखात मुख्यत्वे त्या उत्तराची तयारी करावयाची आहे.

प्रथम रोगाविषयी. गर्भाशयाचा खालचा निमुळता भाग योनिमार्गात उघडतो; त्यास गर्भाशयमुख म्हणतात. ह्या भागाचा कर्करोग आपल्या देशातील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल आढळतो. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतातील सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग झाला व सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. त्याच वर्षी साऱ्या जगात सुमारे ६ लाख ६० हजार स्त्रियांना तो झाला. म्हणजे जगातील दर पाच रुग्ण स्त्रियांमागे जवळजवळ एक आपल्या देशातील. ह्या रोगाचा कपटीपणा असा, की आरंभी काही दुखत नाही. दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, दुर्गंधियुक्त स्राव होणे ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोग पुष्कळदा पुढच्या पायरीवर पोहोचलेला असतो. त्यातून आपल्याकडील स्त्री अंगावर दुखणे काढण्यात तरबेज. शेतातील सुगी होऊ दे, मुलीचे लग्न होऊ दे, असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते.

हा रोग कशाने होतो, ते मात्र निश्चित ठाऊक आहे. हाराल्ड त्सुर हाउसेन ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ व १९८४ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या गाठींतून एका विषाणूचे दोन प्रकार शोधून काढले. ह्या कार्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणूचे नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, संक्षेपाने एचपीव्ही. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत व त्यांपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. हातापायांवर येणारे साधे चामखीळ हेही ह्याच कुळातील विषाणूंमुळे येतात. परंतु डझनभर प्रकार कर्करोगास कारणीभूत होतात. त्यांतही १६ व १८ ह्या क्रमांकांचे दोन प्रकार प्रमुख. गर्भाशयमुखाच्या दर दहा कर्करोगांपैकी सुमारे सात ह्या दोघांमुळे होतात.

हा विषाणू एका व्यक्तीकडून दुसरीकडे जातो तो मुख्यतः शरीरसंबंधातून. हे वाक्य लिहिताना काही शिक्षकांना अवघड वाटेल ह्याची मला जाणीव आहे. परंतु ते टाळून ह्या लशीचे समर्थन करता येत नाही आणि टाळल्यास पालक ते दुसऱ्या कोणाकडून, तिखटमीठ लावून ऐकतात. त्याबरोबरच दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. हा विषाणू इतका सार्वत्रिक आहे, की विवाहित आयुष्य जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो केव्हा ना केव्हा गाठतोच. एकाच पतीबरोबर निष्ठेने संसार केलेल्या स्त्रीलाही तो होतो. तेव्हा ह्या रोगाचा चारित्र्याशी संबंध जोडणे हे अज्ञान होय. रोग झालेल्या स्त्रीला आधीच पुरेसे सोसावे लागते. तीत लोकनिंदेची भर नको.

विषाणू शरीरात शिरला म्हणजे कर्करोग झाला असे मुळीच नाही. दहांपैकी नऊ वेळा शरीर स्वतःच दोन वर्षांच्या आत त्याला हुसकावून लावते. उरलेल्या थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो, गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बिघाड घडवितो आणि पंधरा-वीस वर्षांनी त्या बिघाडाचे कर्करोगात रूपांतर होते. विसाव्या वर्षी शिरलेला शत्रू चाळिसाव्या वर्षी उघड होतो तो असा.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. लस ही विषाणू शिरण्यापूर्वी द्यावी लागते. आत शिरून बसलेल्या विषाणूला बाहेर काढण्याचे सामर्थ्य तिच्यात नाही. आपल्या पालकांना हे समजावयास अवघड जाऊ नये. ज्वारीच्या किंवा हरभऱ्याच्या बियाण्याला औषध चोळावयाचे ते पेरणीच्या आधी. कणसात काणी दिसू लागल्यावर औषधाचा डबा काढून उपयोग नाही, हे कोणताही शेतकरी सांगेल. "मग चोळताना बी तर निरोगीच असते, औषध कशाला?" असे तो विचारीत नाही. मुलीच्या लशीचे तत्त्व हेच आहे. दुसरे कारण शरीराचे. नऊ ते चौदा ह्या वयात लशीला शरीर जो प्रतिसाद देते तो पुढच्या वयापेक्षा जोरकस असतो. म्हणून लहान वयात कमी मात्रा पुरतात. "लग्न ठरले की बघू," असे म्हणणाऱ्या पालकांना ही दोन्ही कारणे शांतपणे सांगावीत.

लस तयार होते कशी, ह्याचे कुतूहल आपल्यालाही असणारच. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात इयन फ्रेझर व जियान झोऊ ह्या दोघांनी १९९१ साली असे दाखवून दिले की विषाणूच्या बाह्य कवचाचे प्रथिन वेगळे तयार केले तर ते आपोआप जुळून हुबेहूब विषाणूसारखा पोकळ गोळा बनतो. त्याच्या आत विषाणूचे बीज, म्हणजे त्याचे आनुवंशिक द्रव्य, नसते. भुईमुगाचे रिकामे टरफल जमिनीत पुरले तर त्यातून काही उगवणार नाही, तद्वतच ह्या लशीतून एचपीव्हीचा संसर्ग होणे शक्य नाही. शरीराचे पहारेकरी मात्र ते टरफल पाहून शत्रूची ओळख पटवून ठेवतात. ह्या तत्त्वावरील पहिली लस २००६ साली बाजारात आली. भारतात २००८ पासून तिला परवानगी आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेल्या सर्व्हाव्हॅक ह्या लशीला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली व जानेवारी २०२३ मध्ये ती बाजारात आली. ती ६, ११, १६ व १८ ह्या चार प्रकारांविरुद्ध आहे. पैकी पहिले दोन कर्करोग करीत नाहीत. त्यांच्यामुळे गुप्तांगावर चामखीळ येतात.

गुण येतो का, ह्या प्रश्नास आता अनुभवाचे उत्तर आहे. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून शाळांतून ही लस देण्यात येते. तेथील १९८८ ते १९९६ ह्या काळात जन्मलेल्या स्त्रियांच्या नोंदी तपासून जानेवारी २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांना बाराव्या-तेराव्या वर्षी लस पूर्ण मिळाली होती त्यांच्यापैकी एकीलाही गर्भाशयमुखाचा पसरणारा कर्करोग झालेला आढळला नाही. इंग्लंडमध्येही त्याच वयात लस दिलेल्या पिढीत हा रोग ८७ टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली दिसून आले. आपल्या देशात सिक्कीम राज्याने २०१८ साली ९ ते १४ वर्षांच्या मुलींना मुख्यतः शाळांमधूनच लस दिली व ९५ टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत ती पोहोचविली. डोंगरदऱ्यांतील त्या राज्यात हे घडले, हे आपण लक्षात घेण्याजोगे आहे.

खम्मम व बार्शी

ह्यानंतर जो इतिहास सांगावयाचा आहे तो शिक्षकांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. २००९ साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणात असलेल्या) खम्मम जिल्ह्यात व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात १० ते १४ वर्षांच्या हजारो मुलींना ही लस एका प्रायोगिक प्रकल्पाद्वारे देण्यात आली. पुढे त्या मुलींपैकी सात जणी मरण पावल्याचे उघडकीस आले, गदारोळ झाला आणि एप्रिल २०१० मध्ये केंद्र शासनाने प्रकल्प थांबविला. चौकशी समितीने एकेका मृत्यूचा तपास केला. कोणी पाण्यात बुडाली होती, कोणाला साप चावला होता, कोणी विषारी औषध प्याली होती, कोणाला हिवताप झाला होता. लशीशी मृत्यूंचा संबंध आढळला नाही. परंतु त्याच चौकशीत दुसरी गोष्ट बाहेर आली. आंध्रातील अडीच हजारांहून अधिक संमतिपत्रांवर मुलींच्या आईबापांच्या नव्हे, तर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. कित्येक मुली आदिवासी होत्या. आपल्या मुलीला काय टोचले हे त्यांच्या घरी ठाऊक नव्हते. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात ह्यावर कडक ताशेरे ओढले.

त्या सह्या करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. घर दूर, मुलगी वसतिगृहात, मुदत जवळ आलेली, वरून विचारणा चाललेली. अशा वेळी "मीच तर इथला पालक" असे म्हणून कागद पुरा करण्याचा मोह आपणा सर्वांना परिचित आहे. पण परिणाम काय झाला तो पाहा. लस निर्धोक असूनही लोकांच्या मनात ती "चोरून टोचलेली सुई" ठरली आणि देशातील एचपीव्ही लसीकरणाचा विचार कित्येक वर्षे मागे पडला. भूतानने २०१० मध्ये आणि आफ्रिकेतील रवांडासारख्या देशाने २०११ मध्ये शाळांतून ही लस सुरू केली व नव्वद टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत नेली. आपल्या मुली त्या काळात तशाच मोठ्या झाल्या.

ह्याच गोष्टीला एक अनपेक्षित उत्तरार्ध आहे आणि त्याचा आपल्या महाराष्ट्राशी संबंध आहे. सप्टेंबर २००९ मध्ये देशातील काही रुग्णालयांनी मिळून एक निराळा अभ्यास आरंभिला होता. त्यांत पुण्याचे एक केंद्र व सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय होते. दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींना लशीच्या तीन मात्रा द्याव्यात की दोन पुरतात, हे पाहावयाचे होते. एप्रिल २०१० च्या आदेशाने हा अभ्यासही मध्येच थांबला आणि ४,९५० मुलींना केवळ एकच मात्रा मिळून राहिली. संशोधकांनी ह्या मुलींना सोडून दिले नाही. दहा वर्षे त्यांचा मागोवा घेतला. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा, की १६ व १८ ह्या प्रकारांचा ठाण मांडून बसणारा संसर्ग रोखण्यात एक मात्राही दोन किंवा तीन मात्रांच्या तोडीची, सुमारे ९५ टक्के गुणकारी ठरली. ह्या व अशा इतर पुराव्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये ९ ते १४ वयाच्या मुलींसाठी एक किंवा दोन मात्रा पुरेशा आहेत असे जाहीर केले. बार्शी परिसरातील ज्या मुलींनी दर खेपेस तपासणीसाठी हात पुढे केला, त्यांच्यामुळे आज जगातील कित्येक देशांत एका सुईवर काम भागते. ही गोष्ट मुलींना वर्गात अवश्य सांगावी.

आपल्या जिल्ह्यातील मोहिमेत कोणत्या वयाच्या मुली घ्यावयाच्या, कोणती लस व किती मात्रा, ह्याबाबत आरोग्य विभागाचे त्या वेळचे परिपत्रक हेच प्रमाण मानावे. ज्या मुलींची प्रतिकारशक्ती एखाद्या आजारामुळे क्षीण आहे त्यांना अधिक मात्रा लागतात. तो निर्णय वैद्यकीय अधिकाऱ्यांचा. अशा मुलीचा आजार शाळेत चर्चेचा विषय होणार नाही, एवढी काळजी आपण घ्यावयाची.

पालकसभा

लसीकरणाच्या निदान पंधरा दिवस आधी माता-पालकांची सभा घ्यावी. सभा दुपारी न ठेवता सायंकाळी, रानातून माणसे परतल्यावर ठेवावी. वडिलांनाही बोलवावे, घरात सुईचा निर्णय आई करते आणि नकाराचा बहुधा वडील, असा माझा अनुभव आहे. गावच्या आशाताई व उपकेंद्राच्या आरोग्यसेविका ह्यांनी हजर असणे आवश्यक. विशेषतः ज्या द्विशिक्षकी शाळेत दोन्ही गुरुजी पुरुष आहेत तेथे शरीराविषयीचा भाग त्यांनीच सांगणे बरे.

सभेत शंका निघतील. काही ठरावीक आहेत. "पुढे मूल होणार नाही" ही सर्वांत जुनी. प्रत्येक लशीच्या नावाने ती उठते. जगभर कोट्यवधी मुलींना ही लस देऊन झाली आहे, त्यांतील पहिल्या पिढ्या आता आया झाल्या आहेत आणि लशीमुळे वंध्यत्व येत असल्याचा पुरावा मिळालेला नाही. उलट गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला तर गर्भाशय काढण्याची वेळ येते. "मुली बिघडतील" असे कोणी म्हणेल. त्याला रागावू नये. धनुर्वाताची सुई घेतली म्हणून कोणी मुद्दाम गंजलेल्या खिळ्यावर पाय देत नाही, एवढे हसत सांगितले की सभेतील एखादी आजीच पुढचे बोलते. "मुलांना का नाही?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. पुरुषांनाही ह्या विषाणूमुळे घशाचे व इतर काही कर्करोग होतात आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशांत २०१३ पासून मुलग्यांनाही लस दिली जाते. परंतु ह्या विषाणूने होणाऱ्या कर्करोगांचा सर्वांत मोठा भार स्त्रियांवर पडतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना मुलींना अग्रक्रम देते.

अफवेकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, ह्याचे उदाहरण जपानचे आहे. एप्रिल २०१३ मध्ये तेथे ही लस नियमित लसीकरणात घेतली गेली. काही मुलींच्या दुखण्यांविषयी वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून गाजावाजा झाला आणि जूनमध्येच शासनाने लशीची शिफारस थांबविली. लस घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांवरून एक टक्क्याच्याही खाली गेले. दुखण्यांचा लशीशी संबंध सिद्ध झाला नाही. पण शिफारस पुन्हा सुरू व्हावयास एप्रिल २०२२ उजाडले. जपानसारख्या सुशिक्षित देशात हे घडू शकते, मग आपल्या गावाला दोष देण्यात अर्थ नाही.

लपवाछपवी तर अफवेहून वाईट. आपल्या राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली, ती पुष्कळांना आठवत असेल. एका शाळेत (नावाचे प्रयोजन नाही) मुले गैरहजर राहू नयेत म्हणून लसीकरणाचा दिवस पालकांना कळूच दिला नव्हता. पहिल्या दिवशी काम शंभर टक्के झाले. रात्री दोन मुलांना साधा ताप आला आणि सकाळी फाटकाशी गाव जमले. त्यानंतर पुढच्या वस्तीवरील अंगणवाडीत एकही बालक लशीसाठी आले नाही. तेथील सेविकेने पुढे घरोघर फिरून जो विश्वास परत मिळविला, त्यासाठी तिला दोन वर्षे लागली.

सभेत जमलेल्या आयांना त्यांच्या स्वतःविषयीही सांगावे, कारण लेकीच्या निमित्ताने त्या आलेल्या असतात. वयाची तिशी ओलांडलेल्या स्त्रीने गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावयाची असते. शासनाच्या कार्यक्रमानुसार तीस ते पासष्ट वर्षे वयाच्या स्त्रियांसाठी ती पाच वर्षांतून एकदा आहे. तपासणीत सौम्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे एका अर्थी शिरकाच, लावून पांढरे डाग दिसतात का ते पाहतात; त्यास फार वेळ लागत नाही. तपासणीने जीव वाचतात हे ज्या अभ्यासाने जगाला दाखविले तो धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील खेड्यांत झाला. बार्शीचे रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय ह्यांचा त्यात भाग होता. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रिया त्यात होत्या. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही चाचणी झाली त्यात पुढील आठ वर्षांत ह्या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या. जवळपास तेवढ्याच, किंबहुना थोड्या लहान, अशा तपासणी न झालेल्या गटात ६४. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. आपल्याच मराठवाड्यातील बायकांनी दिलेला हा पुरावा आहे, असे सांगितले की सभा कान देऊन ऐकते. लस घेतलेल्या मुलींनीही तिशीनंतर तपासणी करावयाची असते, कारण लस विषाणूच्या सर्वच प्रकारांना अडवीत नाही.

सही कोणाची

आईला किंवा वडिलांना संमतिपत्र वाचून दाखवावे, शंका विचारू द्यावी, मग सही अथवा अंगठा घ्यावा. शिक्षकाने, मुख्याध्यापकाने वा वसतिगृहाच्या अधीक्षकाने पालकाच्या जागी सही करू नये. मुलीकडून बापाची सही करवून घेण्याचा प्रकारही काही ठिकाणी चालतो. तो तर अगदीच त्याज्य.

खरी अडचण येते ती ऊसतोडीच्या गावांत. दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात त्या फाल्गुन-चैत्रापर्यंत परतत नाहीत. काही मुली आईबापांबरोबर कोपीवर जातात, काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. लसीकरण ह्याच महिन्यांत आले तर दोन्ही प्रकारच्या मुली निसटतात. पाठीमागे राहिलेल्या मुलीच्या आईशी किंवा वडिलांशी दूरध्वनीवरून बोलावे व ते आरोग्यसेविकेच्या समक्ष बोलावे. आजी-आजोबांची सही चालेल काय, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधीच लेखी विचारून ठेवावे. शंका असेल तर थांबावे. लशीला चार महिने उशीर झाला तर मुलीचे काही बिघडत नाही. पुढील फेरीत तिचे नाव आरंभी घालता येते. कोपीवर गेलेल्या मुलींची यादी वेगळी करून आरोग्यसेविकेकडे द्यावी, म्हणजे कारखाना परिसरातील आरोग्य केंद्राला कळविता येते. सातवीनंतर शाळा सुटलेल्या मुलींची नावेही जनरल रजिस्टरवरून काढावीत. लवकर लग्न होण्याचा धोका त्यांनाच अधिक आणि म्हणून वेळेवर लस मिळण्याची निकड त्यांनाच अधिक. शाळेत रांग लावली की आपल्याला समोरच्याच मुली दिसतात; रजिस्टर पाहिले की बाकीच्या दिसतात. (वयासाठी रजिस्टरातील जन्मतारीख घेताना जन्माचा दाखला ताडून पाहावा. आमच्या पिढीतील निम्म्या लोकांचा जन्म कागदोपत्री १ जूनचाच आहे!)

पालकाने नकार दिला तर तो नोंदवावा व मुलीला वर्गात त्यावरून एक शब्दही बोलू नये. पुष्कळदा अशी आई दुसऱ्या मुलींना पाहून पुढच्या फेरीत स्वतः येते.

वर्गातील पाठाविषयी थोडेच सांगावयाचे आहे. पाचवी ते सातवीच्या वर्गात, मुले-मुली एकत्र असताना, रोगप्रतिकारशक्तीचा पाठ घ्यावा: शरीराचे पहारेकरी, त्यांनी शत्रूची ओळख लक्षात ठेवणे, लस म्हणजे ओळखपरेड. देवीचा रोग लसीकरणाने जगातून नाहीसा झाला व १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला, ही गोष्ट आजोबांच्या दंडावरील देवीच्या व्रणापासून सुरू करता येते. संसर्ग कसा होतो हे दहा वर्षांच्या मुलांना सांगण्याची गरज नाही. परंतु एखाद्या मोठ्या मुलीने विचारल्यास शिक्षिकेने तिला बाजूला घेऊन खरे तेच सांगावे. उडवाउडवी केल्यास ती पुन्हा आपल्याला काही विचारणार नाही.

लसीकरणाच्या दिवशी

मुलींनी घरून जेवून यावे. उपाशी मुलगी, ऊन आणि सुईची भीती हे तिन्ही एकत्र आले की भोवळ येते व दोष लशीवर जातो. २०१४ साली कोलंबिया देशातील एल कार्मेन दे बोलिवार ह्या गावी लस घेतल्यानंतर एकीचे पाहून दुसरीला अशा शेकडो मुलींना चक्कर व मूर्च्छा आली. शासकीय तपासात लशीचा दोष आढळला नाही. एकत्र जमलेल्या मुलांत भीती अशी पसरते. त्यानंतर त्या देशातील लसीकरण एकदम कोसळले. म्हणून टोचण्याची खोली वेगळी असावी, रांगेतील मुलींना सुई दिसू नये, मुलीला बसवूनच टोचावे आणि नंतर अर्धा तास सावलीत बसवून ठेवावे. कोणाला भोवळ आलीच तर तिला आडवे करून पाय किंचित उंच ठेवावेत, बघ्यांना दूर करावे व आरोग्यसेविकेस बोलवावे. दंड दुखणे, किंचित सूज, डोकेदुखी, एखादा दिवस ताप हे अपेक्षित असते व ते पालकांना आधीच सांगितलेले असावे. ज्या मुलीला खूप ताप आहे तिची लस पुढे ढकलावी. पूर्वी कोणत्याही लशीने अंगावर गांधी उठून श्वास लागला होता काय, हे संमतिपत्र घेतानाच विचारून लिहून ठेवावे.

लस दिल्यानंतर मिळणारे प्रमाणपत्र ही शेवटची बाब. मुलीला ते वीस-पंचवीस वर्षांनी, तपासणीच्या वेळी, डॉक्टरांना दाखवावयाचे आहे; तोवर घराचे छप्पर दहा वेळा गळून गेलेले असेल. लशीचे नाव, तारीख व मात्रा ह्यांची नोंद शाळेच्या आरोग्यनोंदवहीत शाईने करावी, प्रमाणपत्राची एक प्रत मुलीच्या संचिकेत ठेवावी आणि ती शाळा सोडेल त्या दिवशी दाखल्याबरोबर तिच्या हाती द्यावी.